घरच चाकांवर घेऊन ११ हजार फुटांवर: रॉकी पर्वतातला आरव्हीचा एक दिवस नेमका कसा असतो?

तो रील तुम्ही कधी ना कधी पाहिलाच असणार. भली मोठी गाडी, आत बेड, सोफा, शेगडी, फ्रीज. मागचं दार उघडलं की समोर बर्फाचे डोंगर आणि हातात कॉफीचा मग. खाली कमेंट ठरलेली, "नोकरी सोडतो आणि हेच करतो."

या गाडीला अमेरिकेत आरव्ही म्हणतात, म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल. आपल्याकडे शूटिंगच्या सेटवर हिरो-हिरॉइनची व्हॅनिटी व्हॅन असते, तिची ही फिरस्ती बहीण समजा. अमेरिकेतल्या मराठी घरांतही उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा आले की "यावेळी आरव्ही घेऊया का?" हा विषय निघतोच. आणि महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यामुळे हा प्रकार आता अगदीच परका राहिलेला नाही.

पण त्या रीलमध्ये एक गोष्ट कधीच दिसत नाही. साडेसहा टनांचं हे घर डोंगरावरून खाली कसं आणतात, ही ती गोष्ट. म्हणून आज एक आख्खा दिवस बघूया. रस्ता कोलोरॅडो राज्यातला, डेन्व्हर ते पॅलिसेड, आय-७० महामार्ग, साधारण ३७० किलोमीटर. अमेरिकेतल्या इंटरस्टेट रस्त्यांमध्ये डोंगराचा इतका कस काढणारे रस्ते फार नाहीत.

आधी गाडी समजून घेऊ.

मोटरहोमचे ढोबळ तीन वर्ग असतात. ए म्हणजे बसएवढं धूड. बी म्हणजे उंच व्हॅन, आतल्या आत बसवलेला संसार. आणि सी म्हणजे ज्यात पुढे व्हॅनचं तोंड, मागे चौकोनी डबा आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला एक बेड. भाड्याने जास्त करून ही सी वर्गातली मिळते, २२ ते ३२ फूट लांब. यातल्या बऱ्याच गाड्या फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर बांधलेल्या असतात, ज्याचं भरलेलं कमाल वजन १४,५०० पौंड, म्हणजे साधारण ६,५०० किलो. आपल्या घरातल्या हॅचबॅकच्या सहापट तरी.

गंमत म्हणजे ही गाडी चालवायला अमेरिकेत बहुतेक राज्यांत वेगळं लायसन्स लागत नाही. ज्या लायसन्सवर तुम्ही टोयोटा कोरोला चालवता, त्याच लायसन्सवर हे घर चालवायचं. शिकवणी म्हणाल तर गाडी देणारा माणूस टाक्या कुठे, जनरेटर कुठे, शेगडी कशी पेटते हे दाखवतो. उतार कसा उतरायचा हे सांगेलच असं नाही.

सकाळी ७: निघण्याआधी

डोंगरात आरव्हीने निघायचं तर लवकर निघायचं. कारण जुलै-ऑगस्टमध्ये रॉकीजमध्ये दुपारी ढग भरून येतात, विजा, गारा, जोराचा वारा, सगळं एकदम. आणि आरव्ही म्हणजे बाजूने पाहिलं तर एक उभी भिंत. आडवा वारा तिला ढकलतो. त्यामुळे दोन्ही मोठे घाट दुपारच्या आत पार पाडायचे, हे गणित.

आरव्हीवाल्यांमध्ये ३-३-३ असा एक नियम चालतो. दिवसाला ३०० मैलांपेक्षा जास्त नाही, दुपारी ३ वाजेपर्यंत मुक्कामाला, आणि जमलं तर एका ठिकाणी ३ दिवस. आपण पुण्याहून गोव्याला एका दमात जाणारी माणसं, आपल्याला हा नियम आळशी वाटतो. पण कारमधला पाच तासांचा रस्ता आरव्हीत सहज सात तास खातो.

निघताना शेगडीच्या प्रोपेनचा व्हॉल्व्ह बंद, कपाटं लॉक, फ्रीजला कडी, छतावरच्या खिडक्या खाली, पायरी आत. आणि माणसं सीटबेल्ट लावून खुर्चीत. रीलमध्ये गाडी चालू असताना मागे कुणीतरी कांदा चिरताना दिसतं, तो शुद्ध मूर्खपणा आहे. अचानक ब्रेक लागला तर सुरी, कढई आणि माणूस तिघंही एकाच वेगाने पुढे येतात.

आणि हो, मोबाईलमधल्या नेहमीच्या मॅपला तुम्ही कारमध्ये आहात की ११ फूट उंच घरात, हे माहीत नसतं. तो कमी उंचीच्या पुलाखालूनही नेईल. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

चढ: इंजिनाला धाप लागते

डेन्व्हरला माईल हाय सिटी म्हणतात, कारण शहर समुद्रसपाटीपासून बरोबर एक मैल उंच आहे, ५,२८० फूट. आपलं कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाच्या जवळपास पोहोचूनच दिवस सुरू होतो, आणि चढ अजून बाकी आहे.

पश्चिमेला निघालं की १८५९ मध्ये सोनं सापडलेलं आयडाहो स्प्रिंग्स लागतं, मग जॉर्जटाऊन, आणि रस्ता वर वर जात आयझेनहॉवर बोगद्यात घुसतो. बोगद्याचं पूर्वेचं तोंड ११,००० फुटांच्या जरा वर आणि पश्चिमेचं सुमारे ११,१५८ फुटांवर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर जिथे पोहोचू, तिथे.

इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो. माणसाला धाप लागते तशी इंजिनालाही लागते. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे बोगद्याशी पोहोचेपर्यंत तीनातला एक घोडा रस्त्यातच राहिलेला असतो. अॅक्सिलरेटर तळाला टेकलेला, इंजिन किंचाळतंय आणि वेग ताशी ६० किलोमीटर. घाबरायचं कारण नाही. उजवी लेन धरायची, गरज वाटली तर एसी बंद करायचा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची आणि मागच्यांना पुढे जाऊ द्यायचं. चढ फक्त संयम आणि पेट्रोल मागतो. पेट्रोलचं म्हणाल तर ही गाडी लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते, म्हणजे आजच्या दिवसाला शंभर लिटर धरून चाला.

बोगदा जवळपास पावणेतीन किलोमीटर लांब आहे. १९७३ मध्ये पहिला सुरू झाला, दुसरा १९७९ मध्ये. हा बोगदा अमेरिकेच्या जलविभाजक रेषेच्या पोटातून जातो. महाबळेश्वरला जसं कृष्णेचं पाणी बंगालच्या उपसागराकडे आणि सावित्रीचं अरबी समुद्राकडे जातं, तसंच इथे. बोगद्याच्या पूर्वेला पडलेला पाऊस मिसिसिपीतून अटलांटिकच्या बाजूला, पश्चिमेला पडलेला कोलोरॅडो नदीच्या खोऱ्यात, प्रशांत महासागराच्या बाजूला.

बोगद्यातून बाहेर आलं की समोर डोंगरच डोंगर. सगळे मोबाईल काढतात. ड्रायव्हरची खरी परीक्षा नेमकी इथे सुरू होते.

उतार: सगळा विषय इथे आहे

बोगद्यापासून खालच्या सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत साधारण १३-१४ किलोमीटरमध्ये रस्ता दोन हजार फुटांहून जास्त खाली येतो. काही ठिकाणी उतार ७ टक्के, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटर खाली.

आता साधा हिशोब करू. ६,५०० किलोची गाडी ६५० मीटर खाली आली की तिची जी ऊर्जा मोकळी होते, तेवढ्यात सव्वाशे लिटरच्या आसपास गार पाण्याला उकळी आणता येईल. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. तुम्ही पूर्ण घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात, तर ती सगळी चार चाकांच्या ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. आणि ब्रेकचे पॅड, डिस्क हे सगळं मिळून वजन किती? गाडीच्या मानाने काहीच नाही.

ब्रेक फार तापले की दोन गोष्टी होतात. एक, पॅडची पकड कमी होते. पॅडमधलं साहित्य तापून वायू सोडतं, घर्षण घटतं आणि तुम्ही जोरात दाबूनही गाडी ऐकत नाही. दोन, ब्रेकचं तेल उकळू शकतं. डॉट-३ प्रकारचं नवं तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं झालं की १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. तेलाची वाफ झाली की संपलं, कारण तेल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो, वाफ मात्र दाबली जाते. पॅडल सरळ खाली जातं. आपण ज्याला ब्रेक फेल म्हणतो, त्यात पुष्कळदा काहीही तुटलेलं नसतं. थंड झाल्यावर तेच ब्रेक पुन्हा लागतात. तोवर वेळ गेलेली असते.

मग उतरायचं कसं? उत्तर जुनं आहे, एसटीच्या ड्रायव्हरला विचारलं तरी तेच सांगेल. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचा. खालच्या गिअरमध्ये चाकं इंजिनाला जबरदस्तीने फिरवतात, पेट्रोल इंजिन बंद थ्रॉटलमागून हवा ओढायला धडपडतं, आणि ती ओढाताणच गाडीला मागे खेचते. उष्णता ब्रेकमध्ये न साठता इंजिनातून, रेडिएटरमधून बाहेर जाते.

आरव्ही ऑटोमॅटिक असते, त्यामुळे अनेकांना वाटतं गिअरचं गाडी बघून घेईल. नुसत्या डी मध्ये ठेवलं तर ती घेत नाही. गिअरच्या दांड्यावर टो-हॉल नावाचं एक बटण असतं. ते दाबलं की उतारावर ब्रेकला पाय लावताच गिअरबॉक्स खालचा गिअर टाकतो. इंजिन मोठ्याने गुरगुरतं, मागे बसलेल्या आई विचारतात, "अरे, काही बिघडलं का?" काही बिघडलेलं नाही, तो आवाज येतोय म्हणजे सगळं व्यवस्थित चाललंय.

ब्रेक लागतोच, पण सतत नाही. वेग ठरवलेल्या मर्यादेला आला की ठाम दाबून आठ-दहा किलोमीटरने कमी करायचा आणि पाय पूर्ण काढायचा. मधल्या वेळात ब्रेकला वारा लागतो. आणि हे सगळं माथ्यावरच सुरू करायचं. वेग हाताबाहेर गेल्यावर खालचा गिअर मिळणंच अवघड होतं.

याच उतारावर दोन ठिकाणी डोंगराच्या कुशीत वर चढणारा खडीचा रस्ता दिसतो. तो कुठेच जात नाही. ब्रेक गेलेल्या ट्रकसाठी ती सुटकेची वाट आहे. सुटी, गोल खडी जाड थरात पसरलेली असते, चाकं तिच्यात रुततात, वर चढ असतो, गाडी थांबते. बाहेर काढायला टोइंगचा खर्च येतो, गाडीचं नुकसान होतं, पण जीव वाचतो. ही सोय फक्त ट्रकसाठी नाही. आरव्हीचे ब्रेक गेले तर तिनेही तिथेच घुसायचं.

११० वर्षांची शिक्षा

२५ एप्रिल २०१९. याच आय-७० वर, पण डेन्व्हरच्या बाजूला उतरताना, लाकूड भरलेल्या एका ट्रकचे ब्रेक गेले. तेवीस वर्षांचा ड्रायव्हर सुटकेच्या वाटेजवळून पुढे निघून गेला आणि लेकवूड इथे वाहतुकीत थांबलेल्या गाड्यांवर ट्रक जाऊन आदळला. २८ गाड्या सापडल्या, आग लागली, चार माणसं गेली.

डिसेंबर २०२१ मध्ये कोर्टाने त्याला ११० वर्षांची शिक्षा सुनावली. कोलोरॅडोच्या कायद्यानुसार प्रत्येक गुन्ह्याची किमान शिक्षा एकामागून एक भोगणं बंधनकारक होतं, आणि आपल्या हातात असतं तर एवढी शिक्षा दिली नसती, असं न्यायाधीशांनीच म्हटलं. ऑनलाइन याचिकेवर लाखो लोकांनी सह्या केल्या. शेवटी गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी ती शिक्षा १० वर्षांवर आणली. शिक्षा किती असावी यावर वाद झाला, पण ती वाट का सोडली, हा प्रश्न चार कुटुंबांसाठी तसाच राहिला.

त्या उतारावर एक विचित्र गोष्ट आहे. डोंगरातून येताना मध्येच डेन्व्हरचं मैदान समोर दिसतं आणि ड्रायव्हरला वाटतं, उतरलो. प्रत्यक्षात अजून काही मैल तीव्र उतार बाकी असतो. म्हणून तिथे ट्रकवाल्यांसाठी पाट्या आहेत, फसू नका, तुम्ही अजून खाली पोहोचलेला नाहीत, अशा अर्थाच्या.

हे वाचून पुणेकरांना काय आठवलं असेल ते माहितीये. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने कित्येक गाड्यांना धडक दिली, आणि उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलवर सोडल्याचं प्राथमिक तपासात पुढे आलं. डिझेल वाचवायला घाटात न्यूट्रल मारणं ही आपल्याकडची जुनी सवय. न्यूट्रल मारलं की इंजिनाची सगळी मदत संपते, आणि इंजिन बंद असेल तर ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारा आधारही जातो.

दुपार: वेल पास आणि दरी

सिल्व्हरथॉर्नला थांबून एकदा चाकांजवळ जाऊन वास घ्यायचा. जळका वास आला तर अर्धा तास चहा. चाकाला हात लावून बघायचा नाही, भाजेल.

चहाचा विषय निघालाच आहे तर, ९,००० फुटांवर पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. चहा होतो, पण उघड्या पातेल्यात वरणाची डाळ शिजता शिजत नाही. कुकर सोबत हवाच. चिवड्याची पाकिटं फुगून उशीसारखी होतात, शाम्पूची बाटली उघडली की फवारा उडतो. आई-बाबांचं डोकं दुखू लागतं, ते मात्र गमतीत घ्यायचं नाही. पाणी पाजत राहायचं, आणि बीपीचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांशी भारतातून निघण्याआधीच बोलायचं. रात्रीचा मुक्काम इथे उंचावर न करता खाली पॅलिसेडला ठेवायचं खरं कारण हेच.

पुढे वेल पास, १०,६६२ फूट. पुन्हा चढ, पुन्हा ७ टक्क्यांचा उतार, पुन्हा खडीच्या वाटा. पण आता काय करायचं ते कळलेलं असतं.

मग ग्लेनवूड कॅनियन. वीस किलोमीटरची अरुंद दरी, तळाशी कोलोरॅडो नदी, एका बाजूला रेल्वे आणि दुसऱ्या बाजूला हा महामार्ग, जागा कमी म्हणून जाणारी आणि येणारी लेन वर-खाली बांधलेली. चाळीस पूल आणि उड्डाणमार्ग. १९९२ मध्ये हा तुकडा पूर्ण झाला. डोंगर फोडून सपाट करण्यापेक्षा खांबांवर रस्ता उचलला, म्हणून खर्च वाढला पण दरी शाबूत राहिली. माझ्या मते या आख्ख्या दिवसातला सगळ्यात सुंदर तुकडा हाच. इथल्या एका थांब्याचं नावच नो नेम आहे.

ही दरी बंदही पडते. २०२० मध्ये इथे वणवा लागला, झाडं जळाली, आणि २०२१ च्या पावसात त्या उघड्या उतारांवरून चिखल-दगड रस्त्यावर आले, महामार्ग दोन आठवडे बंद होता. अशा वेळी मॅप आजूबाजूचे डोंगरी रस्ते सुचवतो. त्यातला इंडिपेंडन्स पास तर ३५ फुटांपेक्षा लांब गाड्यांना चक्क बंद आहे, आणि लहान आरव्हीचेही तिथे हाल होतात. रस्ता बंद दिसला तर आहे तिथेच मुक्काम वाढवावा. घर सोबत असल्याचा तेवढा तरी फायदा.

संध्याकाळ: ज्यावर रील निघत नाही

पॅलिसेड ४,७०० फुटांवर. हवा गरम, आजूबाजूला पीचच्या बागा आणि द्राक्षमळे, ऑगस्टमध्ये गेलात तर रस्त्याकडेला पीचचे स्टॉल. नाशिकवाल्यांना ओळखीचं वाटेल.

कॅम्पग्राउंडवर पोहोचल्यावर आधी गाडी समतल करायची, चाकाखाली ठोकळे घालून. झोपताना डोकं खाली जाऊ नये हे एक, आणि दुसरं म्हणजे गॅसवर चालणारे आरव्हीचे फ्रीज तिरके उभे केले की नीट थंड होत नाहीत. मग विजेची जोडणी, पाण्याचा पाइप.

आणि मग टाक्या. स्वच्छ पाण्याची एक, बेसिन-अंघोळीच्या पाण्याची दुसरी, तिला ग्रे म्हणतात, आणि संडासाची तिसरी, ब्लॅक. शेवटची दोन-तीन दिवसांतून एकदा ठरलेल्या जागी जाडजूड पाइप जोडून रिकामी करायची. ग्लोव्ह्ज घालून. आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुतला जातो. नवशिके इथे हटकून चुकतात. कॅम्पवर जोडणी आहेच म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम उघडा ठेवतात. पाणी वाहून जातं, बाकीचं आत सुकून डोंगर होतो. व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, टाकी निम्म्याहून बरीच भरली की मगच उघडायचा. हे काम कुणी करायचं हे घरातून निघतानाच ठरवून घ्या.

रात्री दहानंतर जनरेटर बंद, गाणी बंद, मोठ्याने बोलणंही बंद. बुकिंग मात्र उन्हाळ्यासाठी फार आधी लागतं, कोलोरॅडोच्या स्टेट पार्कमध्ये सहा महिने आधी खिडकी उघडते. आणि सप्टेंबर ते मे या काळात आय-७० च्या डोंगरी पट्ट्यात बर्फाचे टायर किंवा साखळ्यांचा नियम लागू असतो, तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्याने जून ते ऑगस्टच धरावं.

पॅलिसेडहून दुसऱ्या दिवशी दक्षिणेला यूरे गाव आणि तिथून सिल्व्हरटनपर्यंतचा प्रसिद्ध मिलियन डॉलर हायवे खुणावतो. चाळीसेक किलोमीटर, मध्ये ११,०१८ फुटांचा रेड माउंटन पास, आणि यूरेच्या बाजूला कित्येक ठिकाणी कडेला कठडाच नाही, कारण हिवाळ्यात बर्फ काढणाऱ्या गाड्यांना तो दरीत ढकलावा लागतो. अमेरिकेत गाडी उजवीकडून चालते, त्यामुळे यूरेहून वर जाताना तुम्ही दरीच्या बाजूला असता. पहिल्याच ट्रिपला तिथे २८ फुटांचं घर न्यायची गरज नाही. आरव्ही कॅम्पग्राउंडवर उभी ठेवायची, यूरेत जीप भाड्याने मिळते.